पूर्ण तिकीट

आमचे हे शिंपी आहेत. शिंप्याशी संसार म्हणजे अंगात घालायची प्रत्येक गोष्ट थोडी ढगळ असणार, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं. यांनी मला हौसेने शिवून दिलेल्या पहिल्या ड्रेसमध्ये माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. "पुढेमागे अंग भरलं तर?" असं वर तोंड करून मलाच विचारलं. अंग भरलं ते बऱ्याच वर्षांनी, तोवर ड्रेस विटून गेला होता.

आमच्या लेकीचे, बारकीचे फ्रॉकही तसेच. खाली चार बोटं कापड आत दुमडलेलं, दरवर्षी एक टीप उसवायची की फ्रॉक लांब. आख्ख्या शाळेचे गणवेश यांच्या दुकानात शिवले जातात. त्यामुळे मूल दिसलं की यांना ते आत्ता केवढं आहे यापेक्षा पुढच्या वर्षी केवढं होईल तेच आधी दिसतं. सगळे यांना मास्टर म्हणतात. मीही चिडले की मास्टरच म्हणते.

बारकीने पहिल्यांदा पाळण्यांच्या पार्कचा विषय काढला तेव्हा ती नुकतीच पहिलीत गेली होती. बसस्टॉपवर त्या मोठ्या पार्कचं भलंथोरलं पोस्टर लागलं होतं, पाळणे, घसरगुंड्या, आकाशात उलट्या लटकलेल्या माणसांचे उघडे जबडे. त्यापुढे ती रोज उभी राहायची आणि मी रोज तिला ओढून न्यायचे. शेवटी एका रविवारी हे चौकशी करून आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "तिथे दाराशी एक पट्टी लावलीये. तिच्यापेक्षा बुटक्या पोरांना मोठ्या पाळण्यात घेत नाहीत. तिकीट मात्र जवळपास पूर्ण. म्हणजे पैसे पुरते आणि मजा अर्धी! जरा उंची वाढू दे. एकदाच जाऊ, पण सगळं बघू."

मला ते पटलं. अगदी शहाणपणाचं वाटलं. त्या शहाणपणाला मी आता काय म्हणू!

पुढच्या वर्षी तिकीट वाढलं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. बारकी बोटभर वाढायची आणि तिकीट हातभर. मग हे म्हणाले, हंगाम संपू दे, तेव्हा सूट असते. हंगाम संपल्यावर कळलं की सूट असते कारण निम्मे पाळणे दुरुस्तीला काढलेले असतात. अर्ध्या यंत्रांसाठी पैसे मोजायला मास्टर थोडेच तयार होणार! एका वर्षी दुकानाचं छत गळलं, एका वर्षी काजं करायचं मशीन बसलं. दरवेळी कारण खरं होतं, हेच तर वाईट. खोटं कारण असतं तर मी भांडले तरी असते.

मग कधीतरी बारकीने विचारणं बंद केलं. कधी ते मला आठवतसुद्धा नाही. पोरगी किती समजूतदार झाली, असं मी चारचौघींत कौतुकाने सांगायचे. आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

यंदा मात्र मास्टरांनी मनावर घेतलं. बारकी पुढच्या महिन्यात शिकायला मावशीच्या गावी जाणार, मग सुट्टीपुरतीच घरी. त्यातच पेपरात आलं की पार्कचे दर पुन्हा वाढणार आहेत. तीन तिकिटांचा आकडा ऐकून माझे डोळे पांढरे झाले. पहिल्यांदा चौकशी केली होती तेव्हा तेवढ्यात आम्ही तिघं जाऊन आलो असतो, बाहेर जेवलो असतो आणि येताना मला साडीही झाली असती. पण हे हट्टालाच पेटले होते. "जाण्याआधी तिची ही एक इच्छा राहायला नको. नाहीतर बापाने काय दिलं म्हणेल?" गणवेशांच्या दिवसांत पाठ मोडेपर्यंत जादा काम केलं आणि तिकिटं आणून तिच्या हातात ठेवली.

ती तिकिटांकडे बघत राहिली. "बाबा, एवढे?" मग घाईघाईने म्हणाली, "थँक्यू."

मला वाटलं, आनंदाने शब्द फुटत नाहीत पोरीला.

पार्कात पोचलो तर दारावरच्या रखवालदाराने आमचा डबा अडवला. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. आत सगळं मिळतं म्हणे. काय भावाने मिळतं ते शेजारच्याच फलकावर होतं. यांनी तो फलक वाचला, डबा उघडला आणि म्हणाले, "खा." सकाळच्या पारी, गेटबाहेर उभ्याने, आम्ही तिघांनी पाव, उकडलेली अंडी आणि डझनभर केळी संपवली. रखवालदार बिचारा दुसरीकडे बघत होता. त्यातलं एक केळं यांनी त्यालाही दिलं.

आत गेल्यावर ती सुप्रसिद्ध पट्टी दिसली. एक लाकडी जिराफ, त्याच्या मानेवर आखलेली रेघ. बारकी तिच्या कितीतरी वर होती. माझ्याही वर आहे ती आता, नाव काय ते बारकी. यांनी तिला जिराफाशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. इतके खूश होते की मापं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं तिला "सरळ उभी राहा, खांदे सैल सोड," असं म्हणाले.

"मैत्रिणींना पाठव," हे म्हणाले.

"नंतर पाठवते."

सगळ्यात लांबचा पाळणा आधी, असा यांचा बेत. गर्दी दाराजवळच्या पाळण्यांना असते, म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करायची. कापड वाया न घालवता कापायची सवय, दिवसही तसाच कापायला निघाले. पण उलट्या टोकालाही रांग होतीच. वर एक वेगळी रांग, ज्यांनी आणखी पैसे भरून मनगटाला सोनेरी पट्टा बांधला होता त्यांची. ते आमच्यादेखत भराभर पुढे जात होते.

"म्हणजे रांगेत उभं राहायचे पैसे वेगळे आणि न राहायचे वेगळे?" मी जरा मोठ्यानेच म्हटलं. मागचे दोघं हसले.

हे त्या पट्ट्याची किंमत विचारायला गेले आणि गुपचूप परत आले.

अखेर नंबर लागला. पाळणा वर गेला, उलटा झाला, खाली आला. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. उतरल्यावर हे कठड्याला धरून उभे राहिले. अंडी आणि केळी कुठवर आली होती ते चेहऱ्यावर दिसत होतं. बारकीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पाण्याची बाटली आणून दिली.

"कसं वाटलं?" यांनी तशातही विचारलं.

"मस्त, बाबा! भारी होतं."

ते ऐकताना मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. लहानपणी ती मातीचा लाडू आणून माझ्या हातावर ठेवायची आणि मी खाल्ल्यासारखं करून "वा, काय चव आहे!" म्हणायचे. आवाज तोच होता. फक्त आता ती माझ्या जागेवर होती.

त्यानंतर ती प्रत्येक पाळण्यात बसली. सांगितलं तिथे हसली, सांगितलं तिथे फोटोला उभी राहिली. हे दर वेळी "पाठवलास का फोटो?" विचारत होते आणि ती "रेंज नाही" म्हणत होती. माझ्या फोनला रेंज होती. मी बोलले नाही. यांच्या अंगात मात्र वारं शिरलं होतं. "अजून तळ्यापलीकडचं राहिलंय! पैसे मोजलेत आपण!" मला वाटत होतं, यांना कुठेतरी बसवावं आणि सांगावं, मास्टर, पुरे करा. पण आनंदाने धावणाऱ्या माणसाला कसं बसवणार?

तळ्यापलीकडे लहान मुलांचा विभाग होता. हे झपाझप पुढे चालले होते, तिथे आपलं काही काम नाही म्हणून. बारकी मात्र थांबली.

तिथे रुळांवरून छोटे ट्रॅक्टर फिरत होते, लाल आणि पिवळे. पुढे स्टिअरिंगवर एक मूल आणि मागे जोडलेल्या ट्रॉलीत त्याचे आईबाप, गुडघे पोटाशी घेऊन. गाडी रुळांवरूनच जाते, स्टिअरिंग नुसतं फिरतं, पण चालवणाऱ्यांचे चेहरे असे की आईबापांचा जीव आपल्याच हातात आहे. एक मुलगी भोंगा सोडायलाच तयार नव्हती आणि तिचा बाप कानात बोटं घालून हसत होता.

बारकी कठड्याला टेकून बघत राहिली. दिवसभरात तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

"यात बसायचंय?" परत आलेल्या यांनी थट्टेत विचारलं.

तिची नजर ट्रॅक्टरवरून हलली नाही. आणि तिने नाही म्हटलं नाही, हे मास्टरांना बरोबर कळलं. ते सरळ तिथल्या बाईंकडे गेले.

"ताई, एक फेरी. हिला चालवायचंय."

बाईंनी बारकीकडे बघितलं आणि हसून बाजूच्या फळीकडे बोट केलं. इथेही रेघ होती. पण इथे रेघेच्या खालीच असावं लागत होतं. "यापेक्षा उंच मुलांना नाही चालत, साहेब."

"आम्ही पूर्ण तिकीट काढलंय," हे म्हणाले. "सगळ्या पाळण्यांचं."

"हो, पण गुडघे मावत नाहीत हो आत. अडकतात."

"अहो ताई, पैसे घ्या वाटल्यास वेगळे..."

"बाबा, राहू दे," बारकी म्हणाली.

हे त्या रेघेकडे बघत उभे राहिले. मग हात पुढे केला आणि रेघेवर आडवा ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा. "निळा फ्रॉक," ते हळूच म्हणाले. "पांढऱ्या कॉलरचा. तेव्हा ही इथवर होती. दुसरीत." फ्रॉकांवरून यांना पोरीचं सगळं वय पाठ आहे. हात त्यांनी बराच वेळ काढला नाही. मागच्या लोकांची चुळबुळ सुरू झाली तेव्हा मी त्यांना दंडाला धरून बाकावर आणून बसवलं.

"त्या पोस्टरवर हा ट्रॅक्टर होता?" त्यांनी विचारलं.

"कोपऱ्यात होता," बारकी म्हणाली. "छोटासा."

"आणि मला वाटलं, तुला ते मोठे..." इतक्या वर्षांत तुला नक्की कशात बसायचंय, हे आम्हा दोघांपैकी एकानेही तिला विचारलं नव्हतं. एवढा साधा प्रश्न!

बारकी त्यांच्याशेजारी बसली. जरा वेळाने म्हणाली, "बाबा, फोटोंचं एक सांगू? मी ते कुणाला पाठवू शकत नाही. सगळ्यांना वाटतं, मी इथे येऊन गेलेय. दुसरीत असताना."

"कुणाबरोबर?"

"तुमच्याबरोबर. सुट्टीत काय केलं ते बाईंनी वर्गात सांगायला लावलं होतं. सगळ्या इथेच आलेल्या. मग मी पण सांगितलं. मी ट्रॅक्टर चालवत होते, तुम्ही दोघं मागे. आई सारखी ओरडत होती, हळू चालव, हळू चालव."

"ओरडलेच असते मी," मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं होतं, नाहीतर तिथेच रडू फुटलं असतं.

"आणि मी?" यांनी विचारलं. "मी काय करत होतो?"

"तुम्ही म्हणत होतात, आणखी एक फेरी मार. ती झाली की आणखी एक. माझे हात दुखले, तरी तुमचं आपलं आणखी एक." ती थोडं हसली. "तिकिटाचं तर तुम्ही नावच काढलं नव्हतं."

समोर त्या पोरीचा भोंगा पुन्हा वाजायला लागला. हे खाली मान घालून बसले होते.

"मजा आली होती?" त्यांनी विचारलं.

"खूप, बाबा."

"मग आज नाही म्हणायचंस ना, पोरी."

"कसं म्हणणार?" बारकी म्हणाली. "तुम्ही किती वर्षं थांबला होतात."

त्यानंतर आम्ही एकाही पाळण्यात बसलो नाही. यांनी तिच्यासाठी आईस्क्रीम घेतलं, भाव न विचारता. उन्हं असतानाच बाहेर पडलो आणि बस धरली.

घरी पोचलो तर वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच भेटल्या. त्यांना नातवंडांना पार्कात न्यायचं होतं. "काय हो मास्टर, म्हणतात भारी महाग झालंय. परवडलं का?"

मला वाटलं, हे आता तिकिटापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळा पाढा वाचणार.

"आज तितकं नाही," हे म्हणाले. "मागे गेलो होतो तेव्हा फार मजा आली होती. बारकी दुसरीत होती. ट्रॅक्टर चालवला हिने, आम्ही दोघं मागे बसलो होतो."

बारकी पिशवी धरून जिन्यातच थांबली.

"अगंबाई, तेव्हा जाऊन आलात होय?" काकू म्हणाल्या. "तेव्हा स्वस्त असेल."

"हो," हे म्हणाले. "तेव्हा परवडत होतं."