माझं बोलणं आणि काकांची टापटीप

मी मायक्रोकंट्रोलर बोलतोय. नाव ऐकून दबकू नका, अंगापिंडाने मी काडेपेटीएवढाच. अंडी उबवायच्या कपाटावर बसायचं, आतली ऊब मोजायची आणि वायरीतून ती संगणकाला सांगायची, एवढंच माझं काम. आकड्यातलं एकेक अक्षर मी सुटं सुटं पाठवतो. संगणक ती जोडून वाचतो आणि हीटर चालू-बंद करतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी मुका होतो. मला बोलतं केलं ते भाचीने. नुकतीच इंजिनियर झालेली ही मुलगी मावशीच्या मदतीला आली होती. मावशी कोंबड्या पाळते, हे कपाट तिचंच. मागच्या खेपेची सगळी अंडी थंडीने वाया गेली होती. "ही खेप गेली तर कपाटाला कायमचं कुलूप," असं ती म्हणाली होती.

पहिल्या दिवशी मी भरभर बोललो आणि संगणक सावकाश ऐकत बसला. पडद्यावर नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं! भाचीने डोकं खाजवलं, आमचा दोघांचा वेग सारखा केला, तेव्हा कुठे आमचं जमलं. मला मात्र तिची तारांबळ बघायला मजा आली.

मग आले काका, म्हणजे मावशीचे यजमान. पेशाने वायरमन. लोंबणारी वायर दिसली की त्यांना अन्न गोड लागत नाही. माझी नाजूक वायर त्यांनी पंख्याच्या जाड वायरीला चिकटवून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधली आणि "आता कसं, बघत राहावंसं वाटतं!" म्हणत स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

ऊब सगळीकडे पसरावी म्हणून हीटरबरोबर पंखाही लागायचा. पंखा घुमला की त्याच्या वायरीतला गोंगाट माझ्या बोलण्यात शिरायचा आणि एखादं अक्षर वाटेतच बिघडायचं. असं अक्षर आलं की संगणक "अर्थ लागत नाही" म्हणून कामच सोडून बसायचा. भाची वैतागली. तिने त्याला फर्मावलं, न कळणारं अक्षर गाळ आणि पुढे वाच.

संगणकाची कुरकुर थांबली. सगळे खूश. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू?

पण त्याच दुपारी मी म्हणालो ३७.६, म्हणजे अंड्यांना हवी तेवढी ऊब, आणि वाटेत सात बिघडला. संगणकाने वाचलं ३.६. त्याला कुठली अक्कल! त्याने हीटर चालूच ठेवला. हीटरबरोबर पंखा, पंख्याबरोबर गोंगाट. मी म्हणालो ३८.४, पोचलं ८.४. मी ओरडलो ३९.१, पोचलं ९.१. माझं हसू जिरलं. आत पिल्लं होती, मी जिवाच्या आकांताने खरं सांगत होतो आणि हीटर आणखी तापत होता.

मावशीला एक सवय आहे. जाता-येता एखादं अंडं काढून ती ऊब अजमावायला पापणीला टेकवते. तसं टेकवलं आणि ती किंचाळली, "अगं, हे भलतंच गरम लागतंय!"

"पडद्यावर तर ९.१ आहे," भाची म्हणाली.

"पडदा गेला खड्ड्यात! आधी बंद कर!"

हीटर आणि पंखा दोन्ही बंद झाले. मावशीने कपाटाचं दार सताड उघडलं. पडद्यावर लख्ख ३९.१ उमटलं. भाची चमकली. तिने एकटा पंखा लावून पाहिला, आकडा पुन्हा तुटला. बंद केला, आकडा पुन्हा अख्खा. वायरीवरून बोट फिरवत ती त्या सुबक जुडीपाशी येऊन थांबली.

"काका, हे तुम्ही बांधलंत?"

"छान दिसतंय ना?"

"पंख्याचा गोंगाट इथूनच शिरतोय."

काकांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी कात्री आणून स्वतःच पट्ट्या कापल्या. भाचीचेही डोळे भरून आले होते. "काहीतरी बिघडलंय हे संगणक सांगत होता गं, मावशी. मीच त्याला गप्प केलं."

आता एक अक्षर जरी बिघडलं तरी संगणक तो आकडाच टाकून देतो. लागोपाठ आकडे बिघडत गेले, तर हीटर बंद करून घंटा बडवतो.

बरीच पिल्लं बाहेर आली. काही अंडी मात्र उघडलीच नाहीत. मावशीने ती टोपलीत वेगळी ठेवली. माझी वायर आता भिंतीवरून वेडीवाकडी लोंबते, आणि काका मान वळवून तिच्यासमोरून जातात.

तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याचं बोलणं कळलं नाही तर खुशाल वैतागा, त्याला शिव्या घाला, वायरी तपासा. पण तुटकं ऐकून सगळं कळल्याचा आव आणू नका. कपाटाच्या आत जे असतात, त्यांना ओरडता येत नाही.