न सांगता घेतलेला सराव

बोगिच पहिल्यांदा आमच्या शाळेत आले तेव्हा मला ते बरे वाटले होते. शाळांच्या सुरक्षिततेसाठी नगरपालिकेनं राजधानीहून, पॉडगोरित्साहून, हा सल्लागार नेमला होता. याआधीचे सल्लागार आले, पडद्यावर चित्रं दाखवून जेवून गेले. बोगिच मात्र प्रत्येक वर्गात शिरले, कड्या ओढून पाहिल्या. माझ्या पहिलीच्या वर्गाचं कुलूप वर्षभर बिघडलेलं होतं, ते त्यांनी दोन दिवसांत बदलून घेतलं. मग शिक्षकांच्या खोलीत आम्हाला बसवून समजावलं, "लांब घंटा वाजली की दार लावायचं, दिवे बंद, बाकं दाराला. पोलीस आले असं कुणी म्हणालं तरी उघडायचं नाही."

"आणि सराव कधी?" मी विचारलं.

"कळेल," ते हसून म्हणाले.

आमचे मुख्याध्यापक पेको सर तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

पुढच्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला घंटा वाजली. वाजतच राहिली. पाठोपाठ कॉरिडॉरमध्ये काहीतरी धाडकन पडलं आणि एक पुरुष ओरडला. शब्द कळले नाहीत. सराव असता तर आम्हाला सांगितलं असतं, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

दार लावलं. दिवे घालवले. बाकं दाराशी एकावर एक रचताना आवाज होऊ नये म्हणून मी ती उचलत होते. एरवी मला एकटीला हलत नाहीत ती बाकं. मुलांना फळ्याखाली भिंतीला चिकटून बसवलं. तादिया एरवीही अडखळत बोलतो. माझा झगा धरून तो म्हणाला, "वि-विदाबाई, को-कोण आहे?"

"कुणी नाही. गप्प बसायचा खेळ आहे."

माझा फोन कोटात होता आणि कोट शिक्षकांच्या खोलीत.

बुटांचे आवाज जवळ आले. आमच्या दाराशी थांबले. दाराची मूठ फिरली. एकदा, मग पुन्हा, जोरात. "पोलीस! दार उघडा!" पोलीस असते तर नाव घेऊन बोलले असते, असं मला वाटलं. मी तोंडावर हात दाबून धरला, कारण माझा श्वास मलाच मोठ्यानं ऐकू येत होता. मग दारावर लाथ बसली. नवं कुलूप टिकलं, पण वरचं बाक घसरून खाली आलं आणि एक मुलगी किंचाळली. आता आत माणसं आहेत हे त्याला कळलं होतं.

तिथे थांबणं मला शक्यच नव्हतं. खिडकी जमिनीपासून माझ्या खांद्याइतकी उंच. मी बाहेर उडी मारली, हात खिडकीच्या फुटक्या काचेवर कापला. आतून अंगानं थोराड मुलं बाकीच्यांना उचलून देत होती, मी खालून झेलत होते. एक मुलगी, याग्लिका, बाकाखालून निघेना. डोळे उघडे, पण हाक मारली तरी हलेना. पुन्हा आत चढून मी तिला पाठीवर घेतलं. मागे दारावर लाथा चालूच होत्या.

रस्ता ओलांडून स्टोयाची बेकरी. मुलांना तिच्या भट्टीमागे कोंबलं. स्टोयानं माझा हात पाहिला आणि काही न विचारता शटर ओढायला धावली.

याग्लिकाचा बाप, राडोसाव, शेजारीच गाड्या दुरुस्त करतो. रानडुकरांच्या शिकारीचे दिवस होते, बंदूक त्याच्या जीपमध्येच असायची. तो शटरखालून वाकून आत आला. लेकीसमोर गुडघ्यावर बसला. "याग्ले, बोल ना गं." ती बोलेना. तिची चड्डी ओली झाली होती.

"कुठेय तो?" त्यानं मला विचारलं.

"आमच्या दारापाशी होता," मी म्हणाले.

तो निघून गेला. इकडे स्टोया फोनवर पोलिसांना ओरडून सांगत होती. एकदम ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणतायत, सराव आहे. त्यांना कालच कळवलं होतं."

पोलिसांना माहीत होतं. फक्त आम्हाला नव्हतं.

तेव्हा मला दिसलं की जीपचं दार सताड उघडं आहे. आणि राडोसाव शाळेत आहे.

त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती मला तेव्हा वाटली. आधी निदान काय करायचं ते ठाऊक होतं. मी शाळेकडे धावत सुटले.

कॉरिडॉरमध्ये बोगिच काळ्या जाकिटात भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात वर. पायाशी मुद्दाम पाडलेली एक खुर्ची. राडोसावची बंदूक त्यांच्या छातीसमोर. पेको सर जिन्यावर बसकण मारून नुसते "अरे, अरे" करत होते.

"मी सल्लागार आहे!" बोगिच म्हणत होते. "सल्लागार!"

"कसला सल्लागार? लाथा मारायचा?"

"राडोसाव," मी म्हणाले.  "याग्लिका स्टोयाकडे आहे. ठीक आहे ती. सराव होता हा, खोटा होता. तुला शोधेल ती, चल."

तो वळला नाही. त्याचं बोट चापावर होतं. मी बंदुकीच्या बाजूनं पुढे गेले, आणि नळीवर हात ठेवला. रक्तानं तो निसरडा झाला होता. "तुझी पोर घाबरलीय. घरी ने तिला."

 मग नळी खाली झाली.

बोगिच भिंतीवरून घसरत जमिनीवर बसले. त्यांना उलटी झाली.

राडोसावला पोलिसांनी त्याच संध्याकाळी नेलं, बंदूक जप्त झाली. माझ्या हाताला टाके पडले. दुसऱ्या दिवशी पेको सरांच्या खोलीत बोगिच म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही खऱ्यासारखं वागला नसतात. पद्धतच तशी आहे." पण सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मुलांना हे तुम्ही सांगा," मी म्हणाले. "मी नाही सांगणार."

"मी लहान मुलांशी बोलत नाही हो, बाई. मला जमत नाही."

"दार ठोकायला जमलं ना?"

ते आले. पहिलीच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसले. दारावर मीच होतो, म्हणाले.  मुलं त्यांच्यापासून लांब, माझ्या टेबलाभोवती गोळा झालेली.

तादियानं विचारलं, "आ-आम्ही आत आहोत, हे तुम्हाला मा-माहीत होतं?"

"हो."

"म-मग?"

 बोगिचनी चष्मा काढला आणि ते तो पुसत राहिले.

"पु-पुढच्या वेळी तुम्ही आत बसा," तादिया म्हणाला. "बाहेरून पे-पेको सर मारतील लाथा."

कुणी हसलं नाही. बोगिचनी मात्र मान हलवली, अगदी गंभीरपणे, आणि मधली सुट्टी होईपर्यंत तिथेच बसून राहिले. त्यांच्या अहवालात, न सांगता सराव घेऊ नये असं पहिलंच वाक्य आहे म्हणतात. मी वाचलेला नाही.

याग्लिका महिनाभर शाळेत आली नाही. आली तेव्हा तिनं खिडकीजवळची जागा मागितली. मी दिली.