बसून विचारलेली चप्पल

मी एक जुनी चप्पल आहे, डाव्या पायाची. मित्रांनो, माझे आयुष्य सांगण्याजोगे आहे की नाही, याची मला आजही खात्री नाही. तरी सांगते.

एका छोट्या कारखान्यात बाप आणि लेक चपला शिवत. रुग्णालयातल्या सिस्टरांसाठी त्यांना साठ जोड शनिवारपर्यंत द्यायचे होते. चुकले तर काम दुसऱ्याकडे जाणार होते. मी त्यांचा नमुना. नमुना एकाच पायाचा करायची तिथली जुनी पद्धत.

लेक मला रोज रुग्णालयात नेई. बाकावर बसलेल्या सिस्टर माझ्यात पाय घालून पाहत. एकीला पट्टा रुंद वाटे, दुसरीला अरुंद. तीनदा माझे टाके उसवले. कारखान्यात साठ जोड तळवे कापून पडले होते, पण पट्टा ठरेना.

बुधवारी बाप म्हणाला, "पोरी, चपला शिवायच्यात की मतं गोळा करायचीत?"

"न विचारता शिवल्या आणि टोचल्या तर, बाबा?"

"टोचायला आधी पायात तर जाऊ देत."

त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी मला उलटसुलट करून पाहिले. "छान आहे गं. पण एका पायाने मी चालू कशी?"

लेकीचा चेहरा उतरला. आठवडाभरात मला घालून कुणी एक पाऊलही चालले नव्हते.

दुपारपर्यंत तिने माझी जोडीदार शिवली. मोठ्या सिस्टर आम्हाला घालून संध्याकाळपर्यंत वॉर्डात फिरल्या. मग म्हणाल्या, "पट्टा ठीक आहे. रंग मात्र मेला उदास. आणि टाच फार वाजते, झोपलेला पेशंट दचकून उठतो."

लेकीने टाचेला मऊ रबर लावायचे ठरवले. "रंग पुढच्या खेपेला," ती म्हणाली आणि विचारणे तिथेच थांबवले. बापाने सुई ओवली.

शनिवारी साठ जोड पोहोचले. रंगाला नावे ठेवली गेली, पण पेशंट झोपून राहिले.

पुढे आम्ही दोघी बरीच वर्षे कारखान्यातल्या बाकाखाली धूळ खात पडलो. आता लेक नव्या कामाच्या वेळी आम्हाला बाहेर काढते, पुसते आणि समोर ठेवते.

मित्रांनो, एवढीच विनंती. कुणासाठी काही कराल तर त्याला जरूर विचारा. पण वस्तू वापरायला देऊन विचारा, आणि दिलेला दिवस पाळा. माझा तळवा उलटून पाहा. त्यावरची झीज त्या एका दुपारची आहे. आधीच्या सगळ्या आठवड्याची तिथे एक रेघही नाही.