झोळ्यांची बस आणि उभ्या इंजिनाचं डिझेल

मित्रांनो, मी जुनी बस आहे, पण कुणी खटारा म्हणालं तर ऐकून घेणार नाही. माझ्या पत्र्यावर एक थाप मारून बघा, अजून खणखणीत वाजतो. लिहिणं-वाचणं मला येत नाही. शाळेच्या फाटकापर्यंतच माझी मजल. तिथवर मात्र वर्षानुवर्षं गेले, नारायणगुड्याची पोरं घेऊन. त्यांनी माझ्या सीटा कंपासने भोसकल्या, खिडकीतून डबे सांडले, आणि उतरताना एकाही पोट्ट्याने कधी मागे वळून पाहिलं नाही. असो. पोरांचा राग मी धरत नाही.

पुढे शाळेत नव्या गाड्या आल्या आणि मला मैदानाच्या कडेला ढकललं. टायर बसले. पोटाखाली कुत्री व्यायली. वाटलं, आता भंगारवाला येणार. पण आली एक संस्था. त्यांनी सीटा काढल्या, वरच्या दांड्याला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या, पंखे लावले, खाली सतरंजी अंथरली. मी पाळणाघर झाले! कुकटपल्लीत एक उंच इमारत उठत होती, तिथे रोज सकाळी जाऊन उभी राहायची. विटा-सिमेंट वाहणाऱ्या बाया आपली तान्ही माझ्या पोटात ठेवून कामाला जायच्या.

आत राज्य होतं भामाअक्कांचं. पोरांना न्हाणं, भरवणं, निजवणं सगळं त्यांच्याकडे. चालवायला अंबाजी. माझा सेल्फ म्हणजे स्टार्टर जरा रुसका, एकदा बंद पडले की लवकर उठत नसे. त्यात पंख्यांनी बॅटरी उतरली तर संध्याकाळी धक्का कोण देणार? म्हणून अंबाजी दिवसभर इंजिन चालूच ठेवायचा.

पोरांना त्या घुरघुरीची सवय लागली. झोळी जरा कुरकुरली की अक्का ओरडायच्या, "अंबाजी, रेस दे रे!" तो पायाने जरा दाबायचा, माझा आवाज चढायचा, आणि पोर चिडीचूप. देगलूरकडून आलेल्या त्रिवेणीची रसिका तर रेस दिल्याशिवाय डोळाच मिटत नसे. मला काय गर्व झाला म्हणून सांगू! मला वाटे, जगात अंगाई येते ती माझ्या इंजिनालाच.

पण उभ्या उभ्या मी रोज इतकं डिझेल प्यायची, की तेवढ्यात शहराबाहेर पार संगारेड्डीला जाऊन परत आले असते. संस्था महिन्याचं डिझेल ठरवून द्यायची. एका महिन्यात ते आधीच संपलं आणि मी संस्थेच्या आवारातच राहिले. तिकडे त्रिवेणीने रसिकाला वाळूच्या ढिगाशेजारी निजवलं. वरून एक फळी निसटली आणि तिच्या उशाशी हातभर अंतरावर पडली. पोरीला खरचटलंही नाही. पण त्रिवेणीने त्या दिवशी तिला पाठीला बांधूनच विटा वाहिल्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी कसंबसं थोडं डिझेल घालून मला नेलं. मागोमाग संस्थेचे मुकुंदराव आले.

"अक्का, ही हलत नाही तरी पिते. मला परवडत नाही. गाडी बंद करू."

"करा की! आणि पोरं तुमच्या हाताने वाळूत निजवून या. जमेल?"

मुकुंदरावांनी झोळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "इंजिन बंद ठेवून पोरं राहत असतील तर चालवा. उद्या येऊन बघतो. नाहीतर गाडी परत."

दुसऱ्या सकाळी, त्या फळीने हबकलेल्या मिस्त्रीने साइटवरून पंख्यांना वायर ओढून दिली. अंबाजीने मला उतारावर लावलं, म्हणजे सेल्फ रुसला तरी गडगडत सुरू होईन. मग त्याने इंजिन बंद केलं.

बाप रे! एकेक झोळी अशी किंचाळली की वरचे गवंडी वाकून बघू लागले. अक्कांनी थोपटलं, खुळखुळे वाजवले, "येडवकु रा, येडवकु," रडू नको रे, असं तेलुगूतही समजावलं. रसिका तर निळी पडायच्या बेताला आली. "अंबाजी, रेस..." अक्कांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी जीभ चावली. अंबाजीचा हात किल्लीकडे गेला होता, तो तसाच मागे आला.

खरं सांगते, मी मनातून खूश झाले. म्हटलं, बघा, माझ्यावाचून अडलं ना!

तेवढ्यात अक्कांनी रसिकाला छातीशी घट्ट धरलं आणि घशातून आवाज काढला, "घुर्र्र... घुर्र्र..." हुबेहूब माझा! एवढी मानी बाई, आणि गाडीची नक्कल!

अंबाजी हसून लोळायचा बाकी. "अक्का, क्लच दाबा, गिअर बदलायचाय!"

"दात काय काढतोस? तेही पोर घे आणि तूही घुरघुर. एका इंजिनाने भागत नाही इथे."

मग दोन्ही इंजिनं लागली. रसिका हुंदके देत राहिली, मग जांभई, मग एक मूठ अक्कांच्या पदरात सैल पडली. बाकीच्या झोळ्या एकेक करून शांत झाल्या. दूध पाजायला आलेली त्रिवेणी दारातच थबकली. "अक्का, झोपायली की ओ!" तिने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, तिलाच ठाऊक. मुकुंदराव आले, काही बोलणार तोच अक्कांनी डोळे वटारले आणि एका झोळीची दोरी त्यांच्या हातात दिली. ते निमूट ओढत बसले. माझी फेरी कायम झाली.

आणि मी? इतके दिवस माझ्याच आवाजात मी बुडालेली. त्या दुपारी पहिल्यांदा मला माझ्या पोटातल्या पोरांचे श्वास ऐकू आले. बारीक, एकामागून एक. कुणाचं नाक चोंदलेलं, कुणी झोपेत चोखतंय. माझा गर्व तिथेच उतरला.

म्हणून सांगते, मित्रांनो. मला धुवा, पुसा, हार घाला, मी नको म्हणणार नाही. पण मी उभी असेन तेव्हा माझं इंजिन बंद करा. पोरं निजलीत, मला ऐकू द्या.