तीन पेरांची मिशी

माझी पुतणी लता हिला चंडीगडमध्ये जो ढेकूण सापडला, तो तांदळाच्या दाण्याएवढा. पण सोंड अशी, की सेक्टर १७ मधल्या बाकावर बसून त्यानं मोहालीतला माझा चहा संपवला असता. बरं, सोंड सोडा. खरी गंमत मिशीत होती. त्याच्या सगळ्या भावकीत मिशीला चार पेरं. याच्या दोन्ही मिश्यांना तीनच. जुन्या कुठल्याच कुळात तो बसेना. लतानं नवं कुळ मांडलं, वर्णन लिहिलं. नमुना मात्र एकच, कारण ज्या सावरीच्या सालीखाली तो मिळाला, ती सावरीच रस्ता रुंद करताना गेली.

शोधपत्रिकेच्या परीक्षकाकडे पाठवण्याआधी तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख जयंत सर यांनी नमुना एकदा नजरेखालून घातला. सर साताऱ्याचे, भलते नीटनेटके. दुसऱ्याच्या घरातली तसबीरसुद्धा सरळ करून येणार.

परीक्षकाचं उत्तर आलं: चौथं पेर आहे, तुटलेलं होतं ते डिंकानं जोडलंय, तुमचे फोटो मोडक्या किड्याचे आहेत.

मी तिला घरी न्यायला गेलो होतो, तेव्हा ती सरांसमोर उभी होती.

"सर, हे पेर आलं कुठून?"

"अगं, तुटलं होतं ना! संग्रहातल्या त्याच्या चुलतभावाचं काढून बसवलं. दोन्ही बाजूंना. जोड कळतोय का बघ!"

"ते नव्हतंच, सर. तेच तर नवं होतं. वर्णनात लिहिलंय."

"वर्णन मी निवांत वाचणार होतो," सर म्हणाले आणि खाली बसले.

"परीक्षकांना दोन ओळी कळवा."

"मूळ नमुन्याला हात लावला म्हणून? पुढच्या महिन्यात माझा निरोप समारंभ आहे, लता."

"मग मी सोडवते तो डिंक."

"सोडव. म्हणतील, हिनंच मोडलं."

"मी ऐकलंय सगळं," मी दारातून म्हणालो. "मी साक्ष देतो."

"काका," लता माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही सुखना तलावात पाणबुडी पाहिलीत."

सरांनी निवृत्त होण्याआधी किडा जुन्याच कुळात घातला. नवी जात, चार पेरं. नाव दिलं लताचं. तिनं स्पष्ट नको म्हटलं.

"त्याला तुझी परवानगी लागत नाही गं," सर मायेनं म्हणाले. नियम खरंच तसा आहे.

निरोप समारंभात त्यांनी तिला स्टेजवर बोलावून किड्याचा मोठा फोटो भेट दिला. टाळ्या झाल्या. फोटोत मिश्या अगदी सारख्या दिसत होत्या. लतानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि "थँक यू, सर" म्हणाली.