मिशीचा प्रसंग

कतारच्या दोहा शहरातल्या मराठी मंडळाच्या संमेलनात दाखवायचा विनोदी लघुपट आधी समिती तपासते. विनोद निर्मळ हवा, त्यातून बोध मिळावा आणि साहेबलोकांची थट्टा नको, असा नियम. म्हणून इनास आपला लघुपट दाखवायला समितीच्या सबनीसकाकांच्या अल सद्द भागातल्या घरी लॅपटॉप घेऊन गेला.

लघुपटात त्याची बायको रोझालिन मिशी लावून कंपनीचा मॅनेजर झाली होती. "आपल्याकडे सगळे मजेत आहेत," असं कामगारांना सांगताना तिचीच मिशी घामाने सुटली. तिने ती कपाळावर चिकटवली आणि भाषण तसंच पुढे रेटलं. चित्रीकरणानंतर महिन्याभरात रोझालिन वारली.

सबनीसकाका पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "हे काढ बाबा. कुणी वर कळवलं तर खलास! हॉलसुद्धा मिळायचा नाही."

"तिचा एवढाच प्रसंग आहे, काका."

"अरे, शेवटी श्रद्धांजली टाकू ना. एखादा गंभीर फोटो दे."

इनासने मोबाइलमधले फोटो पाहिले. सगळ्यांत ती हसत होती.

"तसा नाही," तो म्हणाला आणि त्याने प्रसंग कापला.

संमेलनात काळ्या पडद्यावर तिचं नुसतं नाव आलं. लोक उभे राहिले. इनासही राहिला.