मला कोणी हाकच मारली नाही

मित्रांनो, मी एक जुनी तपासणी आहे. म्हणजे संगणकातल्या मोजक्या ओळी. लहान बाळांना थेंबाथेंबाने औषध देणाऱ्या पंपाचा प्रोग्राम जिथे तयार होतो, त्या कचेरीत माझा जन्म झाला. मला तिथे प्रोग्राम लिहिणाऱ्या ताईंनी लिहिलं. त्यांची धाकटी बहीण नर्स. एकदा गडबडीत तिने बाळाचं वजन किलोऐवजी ग्रॅममध्ये भरलं आणि पंपाने ते मुकाट्याने मान्य केलं. ऐनवेळी तिच्याच लक्षात आलं म्हणून निभावलं. ताईंनी प्रोग्राममध्ये अशी वजनं अडवणारी ओळ घातली आणि तिच्यावर पहारा ठेवायला मला बसवलं. मी मुद्दाम चुकीचं वजन द्यायचं आणि प्रोग्राम ते अडवतो का, हे पाहायचं.

प्रोग्राममध्ये कोणी काही बदललं की संगणक तो आपोआप नव्याने तयार करायचा आणि आम्हा तपासण्यांना एकेक करून हाक मारायचा. कोणाला कुठून बोलवायचं, हे सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिलेलं असे. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरवी खूण, नाहीतर लाल. मी लाल केलं की सगळे माझ्या नावाने बोटं मोडायचे, पण चूक दुरुस्त करायचे. मला तेवढं कौतुक पुरे होतं.

पुढे ताई दुसऱ्या विभागात गेल्या. कोणीतरी आवराआवर करताना आमचं बिऱ्हाड नव्या फोल्डरमध्ये हलवलं. सेटिंगमध्ये पत्ता मात्र जुनाच राहिला. संगणकाने हाक मारली, तिथे कोणीच नव्हतं. लाल खूण झळकली. साहेबांना नवी आवृत्ती द्यायची घाई. हे काम सांभाळणाऱ्या दादांनी पत्ता सुधारायचा सोडून एक ओळ टाकली: तपासण्या सापडल्या नाहीत तरी थांबू नकोस, पुढे जा.

लगेच हिरवं झालं. उद्या निवांत बघतो, असं दादा म्हणाले.

"चालतंय ना? मग आता हात लावू नका," साहेब म्हणाले.

तो उद्या काही उजाडला नाही. मी नुसती पडून राहिले. परवा कोणीतरी प्रोग्राम आटोपशीर करताना वजन अडवणारी ओळच काढून टाकली, माझ्या डोळ्यांदेखत. हाक आली असती तर मी आकांत केला असता. पण आम्हाला आपणहून बोलता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, हिरवी खूण दिसली की खूश होण्याआधी, तपासलं कोणी, हे विचारत जा. तुम्हाला सांगते, कारण इथे ऐकणारं कोणी नाही.

आज दुपारी ताई या खोलीत आल्या होत्या. बहिणीचा फोन आला. नवी आवृत्ती पंपावर घालू का, असं ती विचारत होती. ताईंनी पडद्याकडे पाहिलं.

"हिरवं आहे गं," त्या म्हणाल्या. "माझी तपासणी आहे त्यात. घाल खुशाल."